‘कामच नाही’ म्हणणाऱ्या बापाची पोटगी कोर्ट कशी ठरवते?

गडचांदूरच्या सिमेंट पट्ट्यात पोटगीची केस उभी राहिली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ठेकेदाराने बंद केले, आता कामच नाही.’ काहींच्या बाबतीत ते खरे असते. ठेकेदार बदलला की हजेरी जाते, हे आपण जाणतोच. पण नोटीस येताच काम सोडणारे, रोखीने मजुरी घेऊन कागदावर बेकार राहणारेही आहेत. समाजाच्या बैठकीत मग ‘तो देणार कुठून?’ म्हणून विषय मिटवला जातो. लेकराची फी मात्र मिटत नाही.

कोर्टाचा प्रश्न वेगळा असतो. किती कमावतोस, एवढेच नाही. किती कमावू शकतोस? सप्टेंबर 2022 मध्ये अंजू गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर नोकरी नसलेला माणूसही मजुरीतून रोजचे तीन-चारशे रुपये मिळवू शकतो, असे धरून हिशेब केला.

आपल्या विदर्भातूनही एक मोठा निकाल गेला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही ठरवले. म्हणजे तारखा लांबवून बापाचा फायदा होत नाही. शपथपत्रात खोटे लिहिल्यास कारवाई होऊ शकते. बेकार म्हणवणाऱ्याचे बँक खाते, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, गाडीचे हप्ते, कामाचे गेटपास हे पुरावे इथेच उपयोगी पडतात. आमच्या मते कार्यकर्त्यांनी भाषणापेक्षा हे कागद जमवायला मदत करावी.

खरोखर काम गेलेल्या बापानेही गप्प बसू नये. गैरहजर राहिला तर अंदाजाने रक्कम ठरते. परिस्थिती बदलल्यास ती कमी करून घेण्याचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली करता येतो.

बौद्धांचा वेगळा कायदा आहे का, असे तरुण विचारतात. जुने कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनचे कलम 144, सर्व धर्मीयांना लागू आहे. शिवाय 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू होतो आणि त्यात अल्पवयीन मुलाची जबाबदारी आई-बाप दोघांवर आहे. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

वसुली हा खरा डोंगर. हप्ता थकला तर दरमहाच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून देणे संपत नाही, हे 1988 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मात्र थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणत वाट पाहणाऱ्या आयांचे हेच वर्ष निघून जाते.