कृष्णवर्णीयांना आधी सोडले, म्हणून ओलीस धरणे क्रांती ठरत नाही



तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासाचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गात कोणीतरी हमखास सांगतो : खोमेनींनी कृष्णवर्णीय आणि स्त्री कर्मचाऱ्यांना आधी सोडले, कारण ते अमेरिकेतले शोषित. लगेच टाळ्या पडतात. जिथे दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, तिथे या गोष्टीने ऊर भरून येणे मी समजू शकतो. पण गोष्ट पुढेही आहे.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी दूतावासाचा ताबा घेतला. पंधरवड्यात १३ जण सुटले, तेही आधी पत्रकारांसमोर बसवून. हेरगिरीचा संशय नसेल तरच सुटका, अशी अट होती. त्यामुळे दोन स्त्रिया आणि एक कृष्णवर्णीय कर्मचारी आतच राहिले. शेवटी उरलेल्या ५२ जणांत ते होते. शोषित कोण, हे पहारेकऱ्याने ठरवायचे आणि नको तेव्हा ते शोषितपण काढूनही घ्यायचे, ही कसली बंधुता?

इराणी जनतेचा राग खोटा होता, असे मी म्हणत नाही. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मोसादेघ यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि शहाची हुकूमशाही पोसली. त्याच शहाला ऑक्टोबर १९७९ मध्ये उपचारासाठी अमेरिकेत घेतले. पण त्याचा हिशेब दूतावासातल्या कारकुनाकडून आणि पहारेकऱ्याकडून चुकता करायचा? २४ मे १९८० च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच विचारात घेतले. दूतावासातले लोक गैरवागत असतील तर त्यांना देशाबाहेर काढा, संबंध तोडा. कायद्यात उपाय आहे. डांबून ठेवणे हा उपाय नाही.

अमेरिकाही काही साधू नव्हती. खटला चालू असतानाच एप्रिलमध्ये तिने सैन्य पाठवले. वाळवंटात ८ सैनिक मेले, ओलीस एकही सुटला नाही. न्यायालयाने त्याबद्दल अमेरिकेलाही सुनावले.

मग सोडवले कोणी? अल्जेरियाने. १९६२ मध्ये फ्रान्सशी लढून स्वतंत्र झालेला देश. साम्राज्यवाद काय असतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, तरीही त्यांनी टाळ्यांचा मार्ग धरला नाही. दोन्ही सरकारे समोरासमोर बसायला तयार नव्हती. अल्जेरियाचे मुत्सद्दी निरोप नेत, शंका विचारत, उत्तर परत आणत. महिनोन्महिने हेच. गोठवलेल्या इराणी पैशांपैकी सुमारे ८ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे ठेवले गेले. माणसे इराणबाहेर पडल्याचे अल्जेरियाने कळवायचे, मगच पैसे हलायचे. दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून विश्वास लागणारच नाही अशी ही रचना!

आणि १९ जानेवारी १९८१ च्या अल्जियर्स करारातले पहिलेच कलम पाहा : इराणच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करणार नाही, असे अमेरिकेने लिहून दिले. १९५३ च्या जखमेवरचे हे कलम ४४४ दिवसांच्या डांबण्याने मिळाले, असे काही साथी म्हणतील. मला ते पटत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांनी मसुदा लिहिला नव्हता; तो वाटाघाटीच्या टेबलावर लिहिला गेला.

ती मध्यस्थी चालवणारे अल्जेरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद सेद्दिक बेन्याहिया पुढे इराण-इराक युद्ध थांबवायला निघाले. ३ मे १९८२ रोजी इराण-तुर्कस्तान सीमेजवळ त्यांचे विमान पाडले गेले. त्यात ते गेले. त्यांच्यावर एखादा अभ्यासवर्ग ठेवा, मी नक्की येईन.