थांबावे कोणी?

प्रपंचातील नित्याची कामे हीच ईश्वराने आपणांस नेमून दिलेली सेवा होय, हा विचार आमच्या वाचकांस नवा नाही. संतांनी तो सांगितला. सन १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, त्यांतही तो घरगुती दृष्टांतांनी उलगडला आहे. आम्हीही या सदरातून तो अनेकवार मांडला. परंतु विचार मांडणे निराळे आणि तो अंगी बाणणे निराळे, याचा प्रत्यय आम्हांस आमच्याच घरी आला. सांगण्यास संकोच वाटतो, तरीही सांगतो.

गेल्या चातुर्मासात आम्ही ज्ञानेश्वरीच्या पारायणाचा नेम धरिला होता. आमच्या मातोश्री तेव्हा अंथरुणास खिळलेल्या होत्या. एके सकाळी पोथी उघडून बसलो असता माजघरातून त्यांची क्षीण हाक आली, "अरे, थोडे पाणी दे रे." आम्ही "थांब गं, एवढा अध्याय होऊ दे" असे म्हणून वाचन पुढे चालविले. अध्याय संपवून उठतो तो काय, कणीक तशीच टाकून सूनबाई आजींच्या उशाशी बसली होती व चमच्याने त्यांस पाणी पाजीत होती. तिची कचेरीची वेळ टळत होती. डबा अर्धाच भरलेला होता. मातोश्रींनी आम्हांस पाहून एवढेच विचारले, "झाला का रे अध्याय?" त्या प्रश्नात रोष नव्हता. म्हणूनच तो आम्हांस अद्याप बोचतो.

पुंडलिकाची कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. आईबापांच्या सेवेत तो गढलेला असता देव दारी आला. पुंडलिकाने एक वीट मागे टाकिली आणि देवास तीवर उभे राहावयास सांगितले. देव रागावला नाही. कटीवर कर ठेवून तो तिष्ठत राहिला. पुंडलिकाने आईबापांकरिता देवास थांबविले. आम्ही देवाकरिता आईस थांबविले!

इतक्यावर आमचा धडा संपला नाही. सायंकाळी आम्ही सूनबाईस मोठ्या कौतुकाने म्हणालो, "आज तुझ्या हातून देवाचीच सेवा घडली." ती हसली आणि म्हणाली, "खरे आहे, बाबा. मग उद्यापासून सकाळची सेवा तुम्ही कराल का?"

आम्ही निरुत्तर झालो. घरकामास ईश्वरी कार्य म्हणून गौरवावयाचे आणि ते मात्र दुसऱ्याच्या, बहुधा स्त्रियांच्याच, हाती ठेवावयाचे, ही आपल्या घरांतील जुनी सोय आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईची कथा या ठिकाणी आठवावी. पांडुरंग तिच्याकडे आला तो दळणाचे माहात्म्य सांगावयास नव्हे. तो जात्याशी बसला, खुंटा त्याने हाती धरला आणि तिच्याबरोबर दळू लागला.

दुसऱ्या दिवसापासून मातोश्रींचे सकाळचे पाणी, औषध व अंग पुसणे आम्ही आपल्याकडे घेतले. प्रारंभी हात अवघडत. चमच्यातले निम्मे पाणी उशीवर सांडे. मातोश्रींनी ते निमूटपणे सोसले. चातुर्मासात संपावयाचे पारायण मार्गशीर्षापर्यंत लांबले. नेम मोडल्याची रुखरुख आरंभी होती. पुढे ती राहिली नाही.

देवाने आपणांस नेमलेले काम कोणते, असे वाचक आम्हांस पुष्कळदा पत्रांतून विचारतात. कोणी त्यासाठी मोठे कार्य शोधतात, कोणी आपले आयुष्य चुलीपाशी वा कचेरीत वाया गेले म्हणून कष्टी होतात. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, घरातून ज्या कामासाठी हाक येते आणि ज्यास आपण "थांब" म्हणतो, ते काम प्रथम तपासून पाहावे. मात्र ते दुसऱ्याचे नव्हे, आपले स्वतःचे असावे.

आता आम्ही पोथी मातोश्रींच्या उशाशी बसूनच वाचतो. त्यांनी हाक दिली की पानात खूण घालतो आणि उठतो.