वाढप्यांची पंगत केव्हा?

हिमायतनगर हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील तालुका. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही गावाचे नाव वाढोणा. महाशिवरात्रीच्या श्रीपरमेश्वर यात्रेमुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे गाव. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पल्याड यवतमाळ जिल्हा. नांदेडचे मोठे शासकीय रुग्णालय येथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. बाळंतपण अडले, कोणाला पान लागले, कोणी फवारणीच्या औषधाचा घोट घेतला, म्हणजे या ऐंशी किलोमीटरांचा खरा अर्थ कळतो.

गेल्या वर्षी येथील रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना तालुक्यातील एका खेड्यातील आशा कार्यकर्तीशी बोलण्याचा योग आला. आदल्या रात्री एका गर्भवतीला घेऊन त्या नांदेडला गेल्या होत्या आणि पहाटेच्या गाडीने परतल्या होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. सहज विचारले, “ताई, जेवलात का?” त्या क्षणभर थांबल्या. “कालपासून ध्यानातच राहिलं नाही बघा, भाऊ.” मग खालच्या आवाजात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री कळांनी ओरडणाऱ्या त्या मुलीवर त्या खेकसल्या होत्या. “इतक्या वर्षांत कोणाला वाकडं बोलले नव्हते. तिची काय चूक? मलाच काय झालं कळंना.”

त्यांना काय झाले होते, हे खरे तर कोणालाही कळावे. त्या उपाशी होत्या, रात्रभर जाग्या होत्या, घरी तापाने फणफणलेले मूल टाकून आल्या होत्या. परंतु यांपैकी एकही गोष्ट ‘आपली गरज’ म्हणून त्यांच्या मनात नोंदली गेली नव्हती. भुकेची जाणीव झाली ती दुसऱ्याने विचारल्यावर, आणि थकव्याची जाणीव झाली ती दुसऱ्यावर ओरडल्यावर. सेवेच्या क्षेत्रातील एका मोठ्या आणि दुर्लक्षित प्रश्नाचे मूळ या साध्या प्रसंगात आहे.

सेवा आणि त्याग हे आपल्या समाजाने परमोच्च मानलेले गुण आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला असताना सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. १० मार्च १८९७ ला त्यांचा देहान्त झाला. महामारी दारात उभी असताना कोणी तरी पुढे व्हावयाचेच होते. त्या झाल्या. अशा आत्मार्पणापुढे मस्तक नम्र होते.

परंतु त्याच वर्षातील दुसरी एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. पाश्चात्त्य देशांतील प्रदीर्घ प्रवास आणि व्याख्यानांनंतर १८९७ च्या आरंभी स्वामी विवेकानंद मायदेशी परतले ते खंगलेल्या प्रकृतीने. मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत सत्कार झाले आणि त्यानंतर वैद्यकीय सल्ल्यानुसार स्वामीजी दार्जिलिंगला विश्रांतीसाठी गेले. तेथून परतल्यावर १ मे १८९७ ला रामकृष्ण मिशनची स्थापना झाली, आणि त्याच महिन्यात प्रकृतीसाठीच ते अल्मोड्याला गेले. शिवभावे जीवसेवा हा मंत्र आचरणात आणणारी एवढी मोठी संस्था दोन विश्रांतींच्या मध्ये जन्माला आली. देशाला जागे करण्याची तळमळ ज्यांच्या ठायी ओसंडत होती, त्यांनाही देहाचे म्हणणे ऐकावे लागले, आणि ते ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या दोन उदाहरणांत विरोध नाही. संकटाच्या क्षणी केलेले प्राणार्पण वेगळे आणि रोजच्या दिवसांत नकळत होणारी झीज वेगळी. पहिल्यात माणूस जाणीवपूर्वक सर्वस्व देतो. दुसऱ्यात त्याच्याकडील सर्वस्व थेंबाथेंबाने गळून जाते आणि त्याचा ना त्याला पत्ता लागतो, ना समाजाला. आपली चूक होते ती या झिजेलाच त्याग म्हणून गौरवण्यात. ‘ताई रात्रंदिवस राबतात, त्यांना जेवणाखाण्याचीही शुद्ध नसते,’ असे आपण सत्काराच्या भाषणात कौतुकाने सांगतो. वास्तविक ही काळजी करण्याजोगी बाब आहे.

आपल्या परंपरेला हा विवेक ठाऊक होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणाला साधतो हे सांगताना अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, अति निजणारा आणि अति जागणारा, या सर्वांनाच अपात्र ठरविले आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त बटूच्या वेषात आलेले शिव उग्र तप करणाऱ्या पार्वतीला विचारतात की, हे तप तू आपल्या शक्तीच्या प्रमाणात करते आहेस ना, कारण धर्माचरणाचे पहिले साधन शरीर हेच आहे. तपस्विनीलाही जो प्रश्न विचारला गेला, तो आपण आपल्या परिचारिकेला, आशाताईला, तरुण निवासी डॉक्टरला कधी विचारतो काय?

आधुनिक शास्त्रही फिरून याच ठिकाणी आले आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने न्यूयॉर्कमधील विनामूल्य दवाखान्याच्या अनुभवावरून ‘बर्नआउट’ या अवस्थेचे वर्णन केले. ध्येयाने भारलेली माणसेच काही काळाने आतून विझतात, असे त्याला आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची व्याख्या केली. तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी सतत साचलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, असे तिचे स्वरूप सांगितले आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी येणारा दुरावा वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी जाणीव. स्थानकावर भेटलेल्या ताईंचे खेकसणे यातील दुसऱ्या लक्षणाची पहिली पायरी असू शकते. म्हणूनच ते स्वभावदोष म्हणून सोडून देता येत नाही.

हे मी केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणरायाला निरोप देऊन गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. लातूरचे विवेकानंद रुग्णालय, १९६६ साली काही ध्येयवादी तरुण डॉक्टरांनी उभे केलेले, त्या काळात जखमींच्या सेवेला जुंपून गेले. (त्यांपैकी डॉ. अशोकराव कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण सन्मान मिळाला.) महाराष्ट्रभरातून तरुणांच्या तुकड्या आल्या. मीही एका तुकडीत होतो. पावसात, चिखलात, ढिगारे उपसून मृतदेह बाहेर काढण्याचे काम आम्ही केले.

घरी परतलो तेव्हा आईने पुढे केलेले ताट पाहून मला ढवळून आले. पुढे कित्येक महिने ओल्या मातीचा वास आला की मी घराबाहेर पडत असे. कोणी विचारले तर “मला काय झाले आहे? झाले ते त्यांना,” असे सांगून मोकळा होई. त्या उत्तरात मला नम्रता वाटे. आज वाटते, त्यात थोडा अहंकारही होता. मदतीची गरज इतरांना असते, आपण देणारे, हा तो अहंकार. ज्याला स्वतःची गरज ओळखता येत नाही, तो हळूहळू गरजवंतांना आपल्याहून निराळ्या कोटीतील समजू लागतो. सेवेतील समभाव नेमका तेथेच संपतो.

येथे एक रास्त आक्षेप येईल. ‘स्वतःची काळजी घ्या’ हा उपदेश सोपा आहे. परंतु जेथे माणसेच कमी आहेत, तेथे विश्रांती घ्यावयाची कोणी? २०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती, हे वाचक विसरले नसतील. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली; औषधांचा तुटवडा आणि रिक्त पदे यांची चर्चा राज्यभर झाली. त्याच दिवसांत एका लोकप्रतिनिधीने त्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावल्याची दृश्येही साऱ्या देशाने पाहिली. मृतांच्या आप्तांचा आक्रोश खराच होता, आणि चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु अपुऱ्या मनुष्यबळावर जे रात्रपाळी करीत होते, त्या परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना त्या दृश्यातून कोणता संदेश मिळाला असेल?

तेव्हा हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे की, रिक्त पदांवर प्राणायामाचा उतारा चालणार नाही. शासनाने आपले काम केलेच पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि एक दिवस सुटी, अशी शिफारस केली. ७४ तास ही सवलत वाटावी, यावरूनच स्थिती कळते. आशाताईंची गोष्ट तर आणखी निराळी. २००५ साली सुरू झालेल्या या योजनेत त्या कागदोपत्री स्वयंसेविका आणि मोबदला मुख्यतः कामागणिक. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तरी महाराष्ट्रात मोबदलावाढीसाठी त्यांना २०२३ अखेर आणि २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागले, तेव्हा कोठे राज्याने मासिक पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. गौरव लगेच होतो, भाकरीचा प्रश्न रेंगाळतो.

परंतु व्यवस्था सुधारेपर्यंत आपली गरज ओळखणे लांबणीवर टाकावे काय? माझे म्हणणे याच्या उलट आहे. व्यवस्थेकडे मागणी तोच करू शकतो, ज्याने आपल्याला काय हवे आहे ते आधी स्वतःशी कबूल केले आहे. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या किती तरी महिला कर्मचारी स्वच्छतागृह नसल्यामुळे दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. ही गोष्ट त्या सोसतात, बोलत नाहीत. न बोललेली गरज कोणत्याही आराखड्यात येत नाही.

म्हणून सेवाक्षेत्रातील माझ्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा शांत बसून स्वतःला चार-पाच साधे प्रश्न विचारावेत. मी वेळेवर जेवलो का? सलग झोप किती रात्री झाली? फोन वाजला की पोटात गोळा येतो का? ज्यांच्यासाठी हे काम पत्करले, त्यांच्याविषयी माझ्या बोलण्यात तुच्छता येऊ लागली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, माझे मन मोकळे करावे असे कोणी आहे का? यांतील उत्तरे अप्रिय आली तर लाज वाटण्याचे कारण नाही. सहकाऱ्याला सांगावे, पाळी बदलून मागावी, रजा घ्यावी. शासनाची १४४१६ ही टेलीमानस दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. दुसऱ्यांना तो क्रमांक देणाऱ्यांनी वेळप्रसंगी तो स्वतःही फिरवावा.

सेवासंस्थांचे दायित्व याहून मोठे आहे. आपत्तीच्या जागी गेलेली तुकडी ठरावीक दिवसांनी बदललीच पाहिजे, मग कार्यकर्त्याचा उत्साह कितीही असो. परतलेल्यांना एकत्र बसवून काय पाहिले, काय वाटले, हे बोलते करावे. वृत्तांताच्या बैठकीत किती शिधा वाटला एवढेच न विचारता, तुझी झोप कशी आहे, हेही ज्येष्ठांनी विचारावे. कार्यकर्त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांची, मुलाबाळांची विचारपूस करण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी होती. ती टिकवावी, क्षीण झाली असेल तर पुन्हा सुरू करावी.

आणि आपण सामान्य गावकरी? आपल्या मराठवाड्यात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या महाप्रसादाने होते. पंगतीवर पंगती उठतात. वाढपी अनवाणी धावत असतात. कोणाला भाजी, कोणाला बुंदी. शेवटी हाक येते, “आता वाढप्यांची पंगत बसू द्या.” मग आतापर्यंत जेवलेलेच उठून पदर खोचतात, हाती पळ्या घेतात आणि वाढप्यांना आग्रह करकरून वाढतात. वाढपी शेवटी बसतो, पण उपाशी जात नाही, आणि त्याला स्वतः वाढून घ्यावे लागत नाही. वाढपी तृप्त झाल्यावाचून काला संपन्न झाला असे गाव मानत नाही.

हीच रीत आपण सप्ताहाच्या मांडवाबाहेर आणावयाची आहे. आपल्या गावची आशाताई, दवाखान्यातील सिस्टर, रुग्णवाहिकेचा चालक, रात्रीबेरात्री दार उघडणारा डॉक्टर हे आपले वाढपी आहेत. त्यांच्या गैरहजेरीची तक्रार करण्यापूर्वी एकदा त्यांना विचारावे, “जेवलात का?” आणि त्यांनीही, हा प्रश्न आला की, “माझे काय, चालते हो,” असे म्हणून तो परतवू नये. भूक लागली असेल तर लागली आहे असे सांगावे, आणि निःसंकोचपणे पानावर बसावे.