न झालेला खटला
तळोजा कारागृहाकडून येणारा रस्ता शीळफाट्यावरून मुंब्र्याकडे जातो. बदलापूरच्या शाळेंतील दोन बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणांतील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजीं सायंकाळीं मुंब्र्याच्या वळणरस्त्यावर, पोलिसांच्या गाडींतच, पोलिसांच्या गोळीनें मेला. त्यानें पिस्तूल हिसकावलें, असें पोलिसांचें म्हणणें. कोठें पेढे वाटले गेले. आमच्या माजघरांतहि ‘बरें झालें’ असेच उद्गार निघाले. पुढें जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयापुढें आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी-अहवालांत पांच पोलिसांस त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरण्यांत आलें. आरोपीच्या हक्काची गोष्ट काढली कीं गुन्हेगाराची कड घेतली, असें आपण समजतों. परंतु त्याच्यावरील खटला चालता, तर त्या मुलींच्या आईबापांच्या पदरीं निदान न्यायालयाचा निकाल तरी पडता.