दहा कातड्यांचा शब्द

'डिकर' हे इंग्रजी क्रियापद अनुवादात आले की आपण 'घासाघीस करणे' लिहितो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. अर्थापुरते ते बरोबर आहे. पण कोशाचे, परिभाषेचे आणि अनुवादाचे काम करणाऱ्यांनी या शब्दापाशी थोडे थांबावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. बाजारातल्या शब्दाची नोंद कशी करावी, हे त्याच्या प्रवासातून शिकता येते.

मूळ शब्द लॅटिन 'डेकुरिया', म्हणजे दहांचा गट. रोमन घोडदळातल्या दहा स्वारांच्या तुकडीला हेच नाव होते. साम्राज्याच्या उत्तर सरहद्दीवर मात्र हा आकडा कातड्यांना जाऊन चिकटला. सैन्याला तंबू, पादत्राणे, खोगिरे, ढालींची आवरणे या सगळ्यांसाठी कातडे लागे, आणि तेही सतत. ब्रिटनमधल्या विंडोलांडा या रोमन ठाण्याच्या उत्खननात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. त्यांतले इ. स. १०० च्या आसपासचे एक पत्र ऑक्टेव्हियस नावाच्या माणसाने कँडिडसला लिहिलेले आहे. धान्य घेऊन ठेवले आहे, रोकड लवकर पाठव, नाहीतर दिलेला इसार बुडेल, असे तो कळवतो. कॅटरिकला पडून असलेली कातडी आणायला आपण गेलो नाही, कारण रस्ते वाईट आहेत आणि जनावरांना इजा होईल, हेही लिहितो. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याची ही घालमेल आजच्या कुठल्याही आडत्याला समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र सरहद्दीवरचा प्रत्येक व्यवहार सौद्याचा नव्हता. ऱ्हाइनच्या मुखाजवळ राहणाऱ्या फ्रिसी लोकांवर रोमन सेनापती ड्रुससने बैलांच्या कातड्यांचा कर बसवला होता. कातडे केवढे असावे हे त्याने ठरवले नव्हते. पुढे ओलेनियस नावाच्या अधिकाऱ्याने रानबैलाच्या प्रचंड कातड्याचे माप लावले. लोकांनी आधी गुरे दिली, मग जमिनी, शेवटी बायकामुले गुलामगिरीत गेली आणि इ. स. २८ मध्ये उठाव झाला. रोमन इतिहासकार टॅसिटसने ही हकीकत नोंदवली आहे. रोमन आणि जर्मन माणसे दहा-दहा कातड्यांच्या ढिगाभोवती बसून भाव करीत होती आणि त्यातून घासाघिशीचा शब्द जन्मला, असे चित्र रंगवणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

कारण पुढची कित्येक शतके या शब्दात भावतावाचा अंशही दिसत नाही. जर्मनमध्ये तो 'डेखर' झाला, डचमध्ये 'डाकर'. दोन्हीकडे अर्थ एकच, दहा नग, आणि बहुतेक वेळा कातड्यांचे. इंग्लंडच्या १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या महसुली नोंदवहीत ग्लॉस्टर शहराच्या देण्यात ३६ डिकर लोखंड आहे, म्हणजे तोवर शब्द कातड्यावरून धातूवरही सरकला होता. मध्ययुगीन इंग्लंडच्या वजनमापांत २० डिकर म्हणजे एक 'लास्ट', म्हणजे २०० कातडी. हातमोज्यांचा डिकर दहा जोड्यांचा. हे सगळे नाम आहे, मोजणीचे नाम.

क्रियापद उगवते ते अटलांटिकपलीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. तिथल्या सरहद्दीवर कातडी चलनाच्या जागी चालत. तेव्हा दहा कातड्यांच्या गठ्ठ्यावरून होणाऱ्या देवघेवीला गठ्ठ्याचेच नाव पडले असावे, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण नामाचे क्रियापद होतानाचा कागद कोणी दाखवलेला नाही. म्हणून चांगले कोश इथे 'बहुधा' लिहितात. त्या एका 'बहुधा'बद्दल मला मनापासून आदर आहे. व्युत्पत्तीची गोष्ट जितकी रंजक, तितका हा शब्द लिहिणे कठीण जाते.

'चीप' या शब्दाचा मार्ग तुलनेने मोकळा आहे. लॅटिन 'काउपो' म्हणजे दुकानदार किंवा खानावळवाला. तो शब्द जर्मानिक बोलींत शिरला. त्यातून जर्मन 'काउफेन', म्हणजे विकत घेणे, आले आणि जुन्या इंग्रजीतला व्यापारवाचक शब्दही आला. लंडनच्या चीपसाइडमध्ये तो अजून आहे, घासाघीस करणे या अर्थाच्या 'चॅफर'मध्येही आहे. 'हॅगल' वेगळ्या घराण्याचा, कापणे-तोडणे या अर्थाच्या नॉर्स धातूवरून आलेला. 'डिकर', 'चॅफर', 'हॅगल' या तिन्हींपुढे आपण 'घासाघीस' लिहितो. चालू अनुवादाला ते पुरते, कोशाला पुरत नाही.

आणि हे मी इंग्रजीच्या काळजीने लिहीत नाही. आपल्याकडे 'कोडी' म्हणजे वीस नग, पण कोणत्या गावात कोणता माल कोडीने विकला जात होता? कोळणीच्या 'वाट्या'त किती मासळी, आणि हंगामाप्रमाणे ती कशी बदलते? गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या 'हत्त्या'त कोणते बोट कोणत्या रकमेचे? व्यापाऱ्यांच्या नंदभाषेतले आकडे शेवटचे कोणी वापरले? दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यानंतर वजने मेट्रिक झाली, बाजार समित्यांत उघड लिलाव आले, माल पेटीत आणि क्रेटमध्ये गेला. मोजणी बदलली की तिच्याभोवतीचे शब्द हलतात, आणि ते हलताना पाहणारी पिढी आज म्हातारी झाली आहे.

तेव्हा क्षेत्रकार्य करणाऱ्या वाचकांना विनंती, की बाजाराचा शब्द टिपताना फक्त अर्थ टिपू नका. माल कोणता, नग किती, विकणारा कोण, घेणारा कोण, गाव कोणते, सांगणाऱ्याचे वय काय, हे सहाही रकाने भरा. व्युत्पत्ती सुचली तर ती वेगळ्या ओळीत लिहा, आणि मधला पुरावा हाती नसेल तर 'बहुधा' लिहा. अशा नोंदींसाठी पुढच्या अंकापासून चार पाने राखून ठेवली आहेत.