दगड नको, कागद मागा



बियाणे उगवले नाही तर काय करायचे, हे आता आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर शिल्लक बियाणे जपून ठेवायचे, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायचा, पंचनामा होईपर्यंत पीक मोडायचे नाही. शेतकरी हाही ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले. पण घरातले माणूस दवाखान्यात दगावले की हाच शेतकरी कागद मागायचे विसरतो आणि दगड उचलतो.

हे मी दुसऱ्याला सुनावत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या एका कार्यकर्त्याची पत्नी बाळंतपणानंतर खासगी दवाखान्यात गेली. रात्रभर रक्त जात होते, डॉक्टर पहाटे आले, असे घरचे सांगत होते. निरोप मिळताच आम्ही पन्नासेक जण जमलो. काचा फुटल्या. शवविच्छेदनाला नातेवाईक नको म्हणाले आणि आम्हीही गप्प राहिलो. पुढे पोरांवर गुन्हे दाखल झाले. दवाखान्यात मारहाण, तोडफोड केल्यास राज्याच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. त्या खटल्याच्या तारखा करता करता दोन वर्षे गेली आणि मूळ तक्रारीची मुदत संपली. आईविना वाढणाऱ्या त्या पोरीला एक पैसा मिळाला नाही. डॉक्टर चुकला होता की नाही, हे आजही सांगता येत नाही. कारण पुरावा आम्ही मागितलाच नाही.

आता कायदा काय देतो ते पाहू. पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहकाने घेतलेली सेवा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात फुकट उपचार झालेला गरीबही त्यात येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

सगळ्यांनाच मोफत उपचार देणारा सरकारी दवाखाना या आयोगाच्या कक्षेत येत नाही. म्हणून सरकार सुटले असे नाही; तिथे दिवाणी दावा करावा लागतो. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले. न्याय मिळाला, पण तेहतीस वर्षांनी. ही दिरंगाई आंदोलनाचा विषय आहे, यात शंका नाही.

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते, भरपाई मिळत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. २००५ च्या निकालाने खासगी फिर्यादीला दुसऱ्या डॉक्टरचे मतही आवश्यक केले. ग्राहक आयोगात मात्र प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

कृषी पदवीधर म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. उगवण झाली नाही म्हणजे बियाणे सदोषच होते असे नसते. कधी पाऊस दडी मारतो, कधी पेरणी खोल पडते. तसेच रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच असे नाही. त्या शाखेच्या साधारण कुवतीच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली की नाही, एवढेच पाहिले जाते. आणि तालुक्यात टिकून राहिलेला डॉक्टर आपल्याला हवा आहे. दगडाच्या भीतीने तो प्रत्येक अवघड रुग्ण शहराकडे धाडू लागला, तर वाटेत मरणारी माणसे आपलीच असतील.

म्हणून करायचे ते एवढेच. पहिल्या दिवशी केसपेपर, तपासण्या, संमतीपत्र, नर्सच्या नोंदी यांच्या प्रती लेखी अर्जाने मागा आणि अर्जाची पोच घ्या. २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत त्या देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. प्रत्येक बिलाची पावती घ्या. मृत्यूबद्दल शंका असेल तर मन घट्ट करून शवविच्छेदन करून घ्या. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

जिल्हा बैठकीपुढे माझा ठराव असा: प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्ते, त्यातली एक बाई, या कामासाठी नेमावेत. अर्जाचे नमुने छापून शाखाशाखांत ठेवावेत. पुढच्या वेळी निरोप आला तर मी तेव्हासारखाच धावत येईन, पण अर्ज घेऊन.