रक्ताची बाटली आणि चार गोळ्या

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर राहणारे एक गवंडी सायंप्रार्थनेनंतर आमच्या दारी आले. पंधरा दिवस बारीक ताप येत होता, अंगात कसकस होती. परंतु तालुक्याच्या गावी जावे तर दिवसाची मजुरी बुडणार. आमच्या कपाटात औषधांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात कोणाच्या तरी आजारातून उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या होत्या. त्यांपैकी चार आम्ही त्यांच्या हातावर ठेवल्या आणि आशीर्वाद देऊन त्यांस निरोप दिला. ताप दोन दिवस उतरला. मग जो चढला, तो उतरेचना.

पुढे एका रात्री आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी आम्हांस रुग्णालयात बोलावणे आले. लहानपणी सांधेदुखीच्या तापाने त्यांच्या हृदयाची झडप अधू झाली होती आणि आता त्या झडपेवर जंतूंनी घर केले होते. डॉक्टरांनी रक्त तपासण्यास पाठविले, पण बाटल्यांत काहीच उगवले नाही. "आधी काही गोळ्या घेतल्या होत्या काय?" असे त्यांनी विचारले तेव्हा त्या माउलीने आमच्याकडे पाहिले आणि ती हलकेच म्हणाली, "फादरांनी दिल्या होत्या, चारच." तिच्या स्वरात दोष नव्हता. असता तर आम्हांस सोपे गेले असते.

चार गोळ्यांनी एवढे काय बिघडावे, असे वाचकांस वाटेल. त्यासाठी जंतू ओळखतात कसे, हे पाहिले पाहिजे.

ताप हा सर्व जंतूंचा सारखाच दिसतो. कोणता जंतू आहे हे कळण्यासाठी त्याला शरीराबाहेर वाढवून पाहावे लागते. जर्मनीत रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने आरंभी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढविले, नंतर जिलेटिनवर. पण जिलेटिन शरीराइतक्या उष्णतेत वितळून जाई आणि वेगवेगळे वाढलेले जंतू एकमेकांत मिसळत. कॉख यांच्याकडे काम करणारे डॉ. वाल्टर हेसे या अडचणीने अगदी त्रासून गेले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे त्यांस प्रयोगशाळेत मदत करीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जंतूंची चित्रे काढीत. आपल्या घरची जेली भर उन्हाळ्यातही का वितळत नाही, असे पतीने विचारले असता, आपण तीत समुद्रशैवालापासून काढलेले अगर घालतो, असे त्यांनी सांगितले. जावा बेटात राहून आलेल्या एका शेजारणीकडून त्या ही युक्ती शिकल्या होत्या. आमच्या माताभगिनी दुधाच्या गोड वड्यांत चायना ग्रास घालतात, तेच हे अगर. एकदा गोठले की ते उकळत्या पाण्याजवळ पोहोचेल इतक्या उष्णतेवाचून वितळत नाही, आणि बहुतेक जंतूंना ते पचतही नाही. १८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूवरील आपल्या निबंधात अगरचा उल्लेख केला. हेसे दांपत्याचा मात्र केला नाही. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत त्या स्वयंपाकघरातील वस्तूवर जंतू वाढविले जातात. मोठ्या शोधांच्या यादीत फॅनीबाईंचे नाव क्वचितच आढळते, ही गोष्ट आम्हांस फारशी न्याय्य वाटत नाही.

अगरच्या बशीत एकेक जंतू वाढून त्याचा डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. आतड्यात राहणारा एक सामान्य जंतू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाखांवर. मग त्या बशीवर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेसे रुंद स्वच्छ रिंगण उरते, ते औषध लागू पडणारे.

आता रक्ताचे पाहा. जंतू रक्तात पसरले असले तरी पुष्कळदा एका मिलिलिटरमध्ये एखादाच सापडतो, कधी तोही नाही. म्हणून डॉक्टर एकाहून अधिक बाटल्या भरून रक्त घेतात. "इतके रक्त कशाला?" म्हणून नातलग वाद घालतात, तो व्यर्थ होय. अशा मोजक्या जंतूंवर आधीच दोन दिवस अर्धवट औषध पडले, तर ते मरत नाहीत, पण बाटलीत वाढण्याइतके सशक्तही राहत नाहीत. रोग तसाच राहतो. त्याचे नाव मात्र पुसले जाते.

आमच्या गवंडीबाबांचे तेच झाले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. नाव ठाऊक नसल्याने त्यांस अनेक जंतूंवर चालणारी दोन इंजेक्शने महिनाभर द्यावी लागली. घरची दुभती म्हैस विकली गेली. जीव वाचला, देवाची कृपा. पण त्यांतील एका औषधाने श्रवणशक्ती मंद होऊ शकते, आणि ती झाली. सिराखच्या ग्रंथातील ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान ठेवण्यास सांगितले आहे; धर्मगुरूने गोळ्या वाटाव्यात, असे तेथे कोठेही नाही.

थुंकी मागितली असता तोंडातली लाळ न देता सकाळी खोल खोकून काढलेला कफ द्यावा. क्षयाचा जंतू फार मंद वाढतो, बशीत त्यास कित्येक आठवडे लागतात. परंतु गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांनी आता त्याचा माग काही तासांत लागतो, आणि सरकारी केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. लघवीचा नमुना तासभर खिशात घेऊन बाजारहाट करू नये. बाटलीत जंतू वाढतात आणि निकाल खोटा येतो.

बुरशीच्या रोगांतही हीच चूक घडते. नायटा झाला की दुकानातून मलम आणतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, पण बुरशी आत पसरत राहते आणि तिचे गोल रूपही बदलते, त्यामुळे डॉक्टरही फसतात. वास्तविक कडेची थोडी खपली खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसतात. बशीत वाढविण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागतात. आधी मलम लावले असेल तर त्याची नळी लपवू नये, डॉक्टरांस दाखवावी.

तो पत्र्याचा डबा आम्ही रिकामा केला आहे. त्यात आता पट्ट्या आणि मीठसाखरेच्या पुड्या तेवढ्या आहेत. गोळी मागण्यास आलेल्यांस आम्ही नकार देतो, त्याचा राग नसावा. तालुक्याच्या गावी जाण्यास ज्यांना अडचण असेल, त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस भेटावे. सोमवारी सकाळी गाडीची व्यवस्था करण्यात येईल.